नवीन ईएससी विमानात लावण्याआधी काय काय सेट करायचं : पहिलं आरसी प्लेन बांधणाऱ्यांसाठी

पहिलं इलेक्ट्रिक आरसी, म्हणजे रिमोटवर उडणारं, प्लेन बांधणारे बहुतेक जण एकच कॉम्बो घेतात, ए२२१२ ची १००० केव्ही (दर व्होल्टला मिनिटाला १००० फेरे) मोटर, ३० अँपिअरचा ईएससी, म्हणजे मोटरचा इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर, ३एस, म्हणजे तीन सेलची, २२०० एमएएचची लायपो बॅटरी, चार ९ ग्रॅमचे सर्वो आणि फ्लायस्काय आय६ रिमोट. लॅमिंग्टन रोडला घ्या, पुण्यात तपकीर गल्लीत घ्या नाहीतर ऑनलाईन मागवा, सामान हेच येतं. मग वायरी जोडल्या, स्टिक वर केली, मोटर फिरली की झालं असं वाटतं आणि सगळं लक्ष थर्माकोल आणि ग्लू गनकडे जातं, ईएससीमध्ये आत काय सेट आहे ते कोणी बघतच नाही.

ईएससी फक्त मोटर फिरवत नाही. रिमोटचा सिग्नल विमानात घेणाऱ्या रिसीव्हरला आणि पंख-शेपटीच्या फळ्या हलवणाऱ्या सगळ्या सर्वोंना करंट तोच देतो. म्हणजे हवेत बॅटरी संपत आली की मोटर कधी थांबवायची आणि एलेव्हेटर-एलेरॉन (शेपटीच्या आणि पंखांच्या फळ्या) हलवायला किती करंट मागे ठेवायचा हे तोच ठरवतो, तुम्ही नाही. मोटर बंद पडलेलं विमान ग्लाइड करून उतरवता येतं, सर्वो बंद पडलेलं विमान उतरवता येत नाही, ते पडतं. त्यामुळे सेटिंग करताना प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न हाच विचारायचा, की हे असं ठेवलं तर शेवटपर्यंत कंट्रोल माझ्या हातात राहील का. वेग आणि ताकद हे सगळं नंतर.

खाली मी हॉबीविंग कंपनीच्या स्कायवॉकर पद्धतीचा ईएससी धरून लिहितोय कारण बाजारातले बरेच साधे ईएससी त्याच्याच मेनूची नक्कल आहेत. तुमच्या ईएससीसोबत कागद आला असेल तर तो समोर ठेवा, बीपचा क्रम थोडा इकडचा तिकडे असू शकतो.

सगळ्यात आधी प्रॉप काढा

हे सांगून सुद्धा लोक करत नाहीत म्हणून पहिलं लिहितोय. प्रॉप, म्हणजे मोटरवरचा पंखा, काढून बाजूला ठेवा, नट सैल करून नाही, पूर्ण काढून. सेटिंग करताना स्टिक पूर्ण वर ठेवून बॅटरी जोडावी लागते, आणि त्या वेळी ईएससीने काही वेगळं समजून घेतलं तर मोटर फुल स्पीडला सुटते. १० इंची प्रॉप टेबलावर बोटं कापतो, नुसते टाके पडण्याइतपत नाही, हाडापर्यंत. आणि मोटर हातात धरून टेस्ट करायची नाही, विमानात नाहीतर लाकडी पट्टीवर स्क्रूने पक्की बसवा.

वायरी

एका बाजूला लाल-काळी जाड जोडी, ती बॅटरीला. इथं उलटसुलट झालं तर ईएससी त्याच क्षणी जळतो, वॉरंटी वगैरे काही नाही, म्हणून बॅटरीचा एक्सटी६० कनेक्टर स्वतः सोल्डर करत असाल तर बॅटरी जोडण्याआधी मल्टिमीटरने प्लस-मायनस बघा. दुसऱ्या बाजूला तीन वायरी मोटरला, या कशाही जोडा, काही बिघडत नाही, फक्त फिरायची दिशा बदलते. आणि तिसरी ती बारीक तीन तारांची सर्वो वायर, ती रिसीव्हरच्या थ्रॉटल (मोटरचा वेग) चॅनलला, फ्लायस्कायमध्ये सीएच३. तपकिरी किंवा काळी ग्राउंड, मधली लाल प्लस ५ व्होल्ट, पिवळी, नारिंगी किंवा पांढरी सिग्नल.

बॅटरी लांब बसवायची असेल तर मोटरकडच्या तीन वायरी वाढवा, बॅटरीकडच्या दोन नाही. बॅटरीची वायर लांब झाली की ईएससीच्या तोंडाशी व्होल्टेजचे झटके वाढतात आणि त्याचा मार तिथल्या कॅपॅसिटरवर बसतो. दुसरा मार्गच नसेल तर ईएससीजवळ जास्तीचे कॅपॅसिटर लावावे लागतात, नवीन माणसाने त्या भानगडीत न पडलेलं बरं.

आता बीईसी. हा ईएससीच्या आतला भाग बॅटरीचं व्होल्टेज ५ व्होल्टवर आणून रिसीव्हरला देतो. स्वस्त ईएससीत तो लिनिअर असतो, म्हणजे जास्तीचं व्होल्टेज चक्क उष्णता करून टाकतो. हिशोब सोपा आहे, ३एस फुल चार्ज १२.६ व्होल्ट, त्यातून ५ वजा केले तर ७.६ उरले, चार सर्वो मिळून सरासरी ०.८ अँपिअर खात असतील तर साधारण ६ वॉट उष्णता त्या एवढ्याशा पट्टीत. तेच ४एस लावलं तर १६.८ वजा ५ म्हणजे ११.८, गुणिले ०.८, साडेनऊ वॉटच्या आसपास. म्हणून लिनिअर बीईसीवर ३एसला चार छोटे सर्वो ठीक आहेत पण ४एसला जायचं असेल तर स्विचिंग बीईसीवाला ईएससी घ्या किंवा वेगळा यूबीईसी (सुटा बीईसी) लावा. वेगळा लावला तर ईएससीच्या सर्वो वायरमधली मधली लाल पिन कनेक्टरमधून काढून तिला हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवायची, कारण दोन पुरवठे एकत्र भिडवायचे नाहीत. दोन मोटरच्या विमानात पण तेच, दोन ईएससीपैकी एकाचीच लाल वायर जोडलेली ठेवा. पाकिटावर ओप्टो लिहिलं असेल तर त्यात बीईसीच नाही, रिसीव्हरला वेगळा करंट द्यावाच लागेल.

एक टेस्ट आत्ताच करून घ्या. सगळं जोडून, थ्रॉटल पूर्ण खालीच ठेवून, दोन-तीन मिनिटं बाकीचे सगळे कंट्रोल स्टिकने जोरात हलवत रहा, सगळे सर्वो एकदम हलले पाहिजेत. मग ईएससीला बोट लावून बघा. मोटर चालू नसताना एवढ्यानेच चटका बसत असेल तर तो बीईसी तुमच्या सर्वोंना पुरणारा नाही. कुठला सर्वो एका टोकाला अडकून घुरघुरत असेल तर आधी त्याची लिंकेज (सर्वोपासून फळीपर्यंतची तार) सैल करा, अडकलेला ९ ग्रॅमचा सर्वो एकटाच अर्धा-पाऊण अँपिअर ओढतो.

रिमोटवरची तयारी

ईएससीला हात लावण्याआधी रिमोट नीट करून घ्यायचा, कारण ईएससी जे शिकतो ते रिमोटकडूनच शिकतो. नवीन मॉडेल मेमरी घ्या, विमान प्रकार निवडा, थ्रॉटलचे एंडपॉइंट (सिग्नलची वरची-खालची मर्यादा) दोन्हीकडे १००, सबट्रिम शून्य, थ्रॉटल ट्रिम मध्यभागी, थ्रॉटल कर्व्ह सरळ, कुठलंही मिक्स चालू नको. रिमोटकडून ईएससीला जो सिग्नल जातो तो साधारण १००० मायक्रोसेकंदापासून २००० मायक्रोसेकंदापर्यंतचा पल्स असतो, खाली १०००, वर २०००. प्रत्येक रिमोटमध्ये थोडा फरक पडतो, कोणाचा १०४० पासून सुरू, कोणाचा ९९० पासून, म्हणूनच कॅलिब्रेशन, म्हणजे ईएससीला आपल्या रिमोटची दोन्ही टोकं शिकवणं, लागतं.

फुटाबाचा रिमोट असेल तर थ्रॉटल चॅनल रिव्हर्स करावा लागतो, त्यांची दिशा बाकीच्यांपेक्षा उलटी आहे. फ्लायस्कायला नॉर्मल ठेवा.

मग फेलसेफ, म्हणजे रिमोटचा सिग्नल तुटला तर रिसीव्हरने काय करायचं ते. आय६ मध्ये ओके दाबून धरा, सिस्टीम सेटअप, आरएक्स सेटअप, फेलसेफ, चॅनल ३, स्टिक पूर्ण खाली धरून ऑन करा, उणे १०० दिसलं पाहिजे, आणि कॅन्सल दाबून धरून सेव्ह. हे दाबून धरणं महत्त्वाचं आहे, नुसतं कॅन्सल दाबून बाहेर आलात तर सेव्ह होत नाही. ईएससीत स्वतःची सुरक्षा असते, सिग्नल गेला की तो एका सेकंदानंतर पॉवर कमी करतो आणि दोन सेकंदांनंतर मोटर बंद करतो, पण काही रिसीव्हर रेंज गेल्यावर शेवटची थ्रॉटल पोझिशनच पाठवत राहतात. मग ईएससीला कळणार कसं की सिग्नल गेलाय, त्याच्या दृष्टीने सगळं नीट चालू आहे आणि विमान पाऊण थ्रॉटलवर कोणाच्या तरी घराकडे निघालंय. फेलसेफ न लावता विमान उडवणं मला अजिबात मान्य नाही, मैदानात दुसरं कोणी असो नसो.

थ्रॉटल होल्ड पण एका स्विचवर लावून ठेवा, विमान उचलताना, बॅटरी काढताना बाहीत स्टिक अडकली तरी मोटर फिरणार नाही. मात्र कॅलिब्रेशन करताना तो स्विच ऑफ असू द्या, नाहीतर स्टिक वर असून ईएससीला खालीच दिसेल आणि तुम्ही डोकं धरून बसाल.

थ्रॉटल कॅलिब्रेशन

रिमोट ऑन, थ्रॉटल पूर्ण वर. आय६ स्टिक वर असताना चालू केला तर वॉर्निंग देतो, म्हणून आधी स्टिक खाली ठेवून चालू करा आणि मग वर न्या. आता बॅटरी जोडा. मोटरमधून आधी १-२-३ असा चढता सूर येतो, म्हणजे पुरवठा ठीक आहे. साधारण दोन सेकंदांनी बीप-बीप असे दोन आवाज येतात, म्हणजे वरचं टोक समजलं. हे दोन बीप आले की लगेच स्टिक पूर्ण खाली. मग जितके सेल तितके छोटे बीप, ३एस असेल तर तीन, आणि शेवटी एक लांब बीप. लांब बीप म्हणजे खालचं टोक पण समजलं आणि मोटर फिरायला तयार आहे.

ते सेलचे बीप दर वेळी मोजायची सवय लावा. ईएससी सेलची संख्या व्होल्टेजवरून ओळखतो, आणि जवळपास संपलेली ४एस बॅटरी १२.४ व्होल्टवर आली असेल तर त्याला ती फुल चार्ज ३एस वाटू शकते. तसं झालं की कटऑफ (बॅटरी उतरल्यावर ईएससीने मोटर थांबवणं) तीन सेलच्या हिशोबाने लागेल, म्हणजे चार सेल पार मरून गेल्यावर. म्हणून विमानात कायम फुल चार्ज बॅटरीच लावायची आणि बीप कमी आले तर लगेच काढायची.

आता स्टिक हळूहळू वर न्या. पहिल्या एक-दोन क्लिकनंतर मोटर गुळगुळीत सुरू झाली पाहिजे आणि स्टिक वरच्या टोकाला पोचेपर्यंत स्पीड वाढत गेला पाहिजे, प्रॉप नसल्यामुळे फुल थ्रॉटलवर जास्त वेळ ठेवू नका. तीन चतुर्थांश स्टिकलाच सगळा स्पीड संपत असेल तर कॅलिब्रेशन नीट झालं नाही, परत करा. दोन मोटरचं विमान असेल तर दोन्ही ईएससी वाय केबलवर एकदम जोडून एकाच वेळी कॅलिब्रेट करा, वेगवेगळे केले तर दोन्हींची सुरुवात जरा पुढेमागे होते आणि टेकऑफला विमान एका बाजूला ओढतं.

रिमोट बदलला, किंवा एंडपॉइंटला हात लावला की कॅलिब्रेशन परत करायचं.

प्रोग्राम मोडमध्ये कसं जायचं

सुरुवात सेमच, स्टिक पूर्ण वर आणि बॅटरी जोडा. बीप-बीप आले तरी स्टिक खाली आणायची नाही, तशीच वर धरून ठेवा. अजून पाच सेकंद गेले की एक वेगळी धून येते, कागदावर ती ५६७१२ अशी लिहिलेली असते. ती आली म्हणजे आत गेलात. तुम्ही स्टिक खाली ठेवून बॅटरी जोडलीय आणि तरीही ही धून ऐकू येतेय तर थ्रॉटल चॅनल उलटा आहे, मागे जाऊन रिव्हर्स बदला.

त्यानंतर ईएससी एकेक आयटम बीप करून सांगत जातो आणि संपलं की परत पहिल्यापासून. एक छोटा बीप म्हणजे ब्रेक, दोन म्हणजे बॅटरीचा प्रकार, तीन म्हणजे कटऑफची पद्धत, चार म्हणजे कटऑफ व्होल्टेज, एक लांब म्हणजे स्टार्ट कसा हवा, एक लांब एक छोटा म्हणजे टायमिंग, एक लांब दोन छोटे म्हणजे सगळं फॅक्टरी सेटिंगला आणणे, दोन लांब म्हणजे बाहेर पडणे. एक लांब बीप पाच छोट्यांच्या बरोबरीचा धरलाय, त्यामुळे पाचवा आयटम एक लांब, सहावा एक लांब एक छोटा, असं लक्षात राहतं.

हवा तो बीप आला की तीन सेकंदांच्या आत स्टिक खाली. आता तो त्या आयटमचे पर्याय बीप करतो, एक, दोन, तीन. हवा त्या पर्यायावर स्टिक वर. १५१५ अशी धून आली की सेव्ह झालं. मग स्टिक वरच ठेवली तर परत आयटमच्या यादीत, दोन सेकंदांत खाली आणली तर प्रोग्राम मोडमधून बाहेर. पहिल्यांदा गडबड होतेच, कागदावर क्रम लिहून शेजारी कोणाला तरी बीप मोजायला बसवा, काम सोपं होतं. फारच गोंधळ झाला तर एक लांब दोन छोटे निवडून सगळं मूळ पदावर आणा आणि परत सुरू करा.

प्रोग्राम कार्ड मिळत असेल तर जरूर घ्या, त्यावर कुठला पर्याय लागलाय ते दिव्यांनी दिसतं आणि चुकायची शक्यता खूप कमी होते. फक्त ज्या ब्रँडचा ईएससी त्याच ब्रँडचं कार्ड, दुसरं चालेल याची खात्री नसते.

कुठलं सेटिंग काय ठेवायचं

*बॅटरीचा प्रकार.* लिथियम. दुसरा पर्याय निकेलचा असतो, तो चुकून लागला तर कटऑफचा हिशोबच वेगळा होतो आणि लायपो एका फ्लाईटमध्ये खराब होऊ शकते. म्हणून हा आयटम बरोबर आहे असं वाटत असलं तरी एकदा स्वतः सेट करून घ्या.

*कटऑफची पद्धत.* दोन पर्याय, पॉवर हळूहळू कमी करणे किंवा एकदम बंद करणे. नवीन माणसाने पहिलाच ठेवावा. हळूहळू कमी झाली की विमान सुस्त झाल्याचं तुम्हाला कळतं आणि वळून परत यायला वेळ मिळतो. एकदम बंद झाली आणि विमान तेव्हा कमी उंचीवर, वाऱ्याच्या दिशेने, वळणावर असेल तर विचार करायला सुद्धा सवड नाही.

*कटऑफ व्होल्टेज.* यावर मी जास्त लिहिणार आहे कारण सगळा मुद्दा इथंच आहे. स्कायवॉकरच्या जुन्या मॅन्युअलप्रमाणे पर्याय दर सेलला २.८५, ३.१५ आणि ३.३ व्होल्ट, फॅक्टरीतून मधला लागून येतो. ३एसला हे ८.५५, ९.४५ आणि ९.९ होतात. लायपो ३ व्होल्टच्या खाली गेली की तिची तब्येत बिघडते, फुगते, पुढे चार्ज घेत नाही, म्हणून २.८५ हा पर्याय माझ्या मते ट्रेनर, म्हणजे शिकायच्या, विमानासाठी नाहीच. काही जण सांगतात की कटऑफ खाली ठेव म्हणजे मोटर जास्त वेळ चालेल. लायपोचं व्होल्टेज सुरुवातीला हळू उतरतं आणि शेवटी ३.५ च्या खाली धाडकन कोसळतं, त्या शेवटच्या टप्प्यात मिळणारी उड्डाणाची वेळ अगदीच थोडी असते. तेवढ्यासाठी आपण सर्वोंचा करंट पणाला लावतो. हाय ठेवा, म्हणजे ३.३.

याला एक अडचण आहे ती पण सांगतो. बॅटरी जुनी असेल किंवा हलक्या दर्जाची असेल तर फुल थ्रॉटल दिल्यावर तिचं व्होल्टेज एकदम खाली दबतं, आणि बॅटरीत चार्ज असूनही ३.३ ला कटऑफ लागतो, नेमका टेकऑफनंतर चढताना. असं झालं तर कटऑफ खाली आणणं हा उपाय नाही, ती बॅटरी या मोटरला पुरत नाही असा त्याचा अर्थ आहे, बॅटरी बदला. हवेत तसं झालंच तर आधी नाक खाली करून स्पीड सांभाळा, थ्रॉटल पूर्ण खाली आणा, मग थोडा द्या, बऱ्याच ईएससीत मोटर परत चालू होते आणि एक राउंड मारून उतरण्यापुरतं काम भागतं.

कटऑफ लागेपर्यंत उडवायचं नसतं, तो फक्त शेवटचा आधार आहे. उतरायची वेळ टायमर सांगतो, त्याचा हिशोब शेवटी दिलाय.

*ब्रेक.* पुढे साधा फिक्स प्रॉप असलेल्या ट्रेनरला ऑफ. घडीचा प्रॉप असलेल्या ग्लायडरला ऑन, कारण मोटर थांबल्यावर प्रॉप फिरायचा थांबला तरच पाती मागे मिटतात. बस एवढंच.

*स्टार्ट.* नॉर्मल, सॉफ्ट, सुपर सॉफ्ट. विमानात मोटरला प्रॉप सरळ बसवलेला असेल तर नॉर्मल. सॉफ्ट आणि सुपर सॉफ्ट हे हेलिकॉप्टर आणि गिअरबॉक्सवाल्यांसाठी, विमानात ते लावलं तर गो-अराउंड करताना (लँडिंग सोडून परत वर जाताना) थ्रॉटल दिला आणि मोटर आरामात स्पीड घेतेय असं होतं, आणि जमीन तेवढ्या वेळात जवळ आलेली असते.

*टायमिंग.* लो, मीडियम, हाय, अंशात बोलायचं तर ३.७५, १५ आणि २६.२५. ब्रशलेस मोटरमध्ये कुठल्या कॉइलला करंट कधी द्यायचा हे ईएससी ठरवतो आणि टायमिंग म्हणजे तो करंट किती आधी द्यायचा. आपल्या २२१२ सारख्या आउटरनर, म्हणजे बाहेरचा डबा फिरणाऱ्या, मोटरमध्ये १४ मॅग्नेट असतात, म्हणजे ७ जोड्या, मोटर एक फेरा मारते तेव्हा ईएससीला ७ विद्युत फेरे सांभाळावे लागतात. १००० केव्ही गुणिले ११.१ व्होल्ट म्हणजे प्रॉपशिवाय मिनिटाला ११,१०० फेरे, गुणिले ७, जवळपास ७८ हजार. अशा मोटरला लो टायमिंग कधी कधी पुरत नाही, थ्रॉटल पटकन वाढवला की मोटर चिरकते, अडखळते, सिंक (ईएससी आणि मोटरचा ताल) तुटतो. तसं होत असेल तर मीडियम करा. दोन मॅग्नेटच्या, बाहेरचा डबा न फिरणाऱ्या इनरनर मोटरला लोच ठेवा. हाय टायमिंगने थोडे आरपीएम वाढतात खरे पण करंट आणि उष्णता त्याहून जास्त वाढते, शिकायच्या विमानाला त्याचा काही उपयोग नाही.

नवीन पिढीच्या काही ईएससीत रिव्हर्स ब्रेकिंग पण असतं, लँडिंगनंतर प्रॉप उलटा फिरवून विमान थांबवायला. त्याची वेगळी सिग्नल वायर येते. पहिल्या विमानाला ती जोडूच नका, टेपने बांधून ठेवा.

ड्रोनचा ईएससी विमानाला लावायचा असेल तर

घरात जुन्या क्वाडचे (चार मोटरच्या ड्रोनचे) बीएलहेली-एस फर्मवेअरवाले, म्हणजे आत ते सॉफ्टवेअर असलेले, ईएससी पडलेले असतात आणि ते वापरायचा मोह होतो. वापरता येतात, पण तीन गोष्टी आधी बघा. एक, त्यात बहुतेक वेळा बीईसी नसतो, वेगळा लावा. दोन, लो व्होल्टेज कटऑफ नसतो किंवा बंद असतो, कारण क्वाडमध्ये मोटर मधेच बंद झाली तर ते दगडासारखं खाली येईल म्हणून तो मुद्दाम नाही ठेवत. म्हणजे विमानात बॅटरी वाचवायची जबाबदारी पूर्ण तुमची, सेलच्या बॅलन्स वायरला व्होल्टेज उतरलं की वाजणारा बझर लावलाच पाहिजे. तीन, साध्या रिसीव्हरला जोडताना नेहमीचा पीडब्ल्यूएम सिग्नल (वर सांगितलेला पल्सचा) चालतो, डीशॉट वगैरे डिजिटल सिग्नल या ड्रोनच्या फ्लाईट कंट्रोलरच्या गोष्टी. हे ईएससी बीपवर नाही, यूएसबी लिंकर लावून कॉम्प्युटरवर सेट करतात, ते खूप सोयीचं आहे, तिथंच मोटरची दिशा सुद्धा उलटी करता येते. नवीन घेत असाल तर एएम३२ फर्मवेअरवाले बघा, ते ओपन सोर्स आहे.

दिशा, मग प्रॉप, मग वॉटमीटर

प्रॉप नसताना मोटर हलकेच फिरवा, शाफ्टला टेपचा छोटा तुकडा लावला की दिशा दिसते. मागून बघितल्यावर साध्या प्रॉपसाठी घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरली पाहिजे. उलटी असेल तर तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करा. आणि प्रॉप बसवताना आकडे लिहिलेली बाजू पुढे, विमान ज्या दिशेने उडणार तिकडे, मोटर विमानाच्या मागे असली तरी हेच.

आता प्रॉप लावून, विमान कोणाला तरी मागून घट्ट धरायला लावून, बॅटरी आणि ईएससीच्या मध्ये वॉटमीटर (करंट आणि वॉट दाखवणारा मीटर) जोडून फुल थ्रॉटल. पाच-सहा सेकंद पुरे. प्रॉपच्या पुढे किंवा त्याच्या सरळ रेषेत बाजूला कोणी उभं राहायचं नाही. मीटरवर जो जास्तीत जास्त अँपिअर दिसेल तो ईएससीच्या आकड्याच्या पाऊणपटीच्या आत हवा, म्हणजे ३० च्या ईएससीला २२-२३ पर्यंत. मोटरच्या कागदावरची मर्यादा वेगळी बघा, ती बऱ्याचदा ईएससीपेक्षा कमी असते.

प्रॉप बदलताना फार सांभाळून. आरपीएम आणि पिच (पात्याचा तिरकेपणा) तेवढाच ठेवला तर प्रॉप जी ताकद खातो ती व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते, १० चा ११ केला तर १.१ चा चौथा घात, १.४६, म्हणजे जवळपास दीडपट. एका इंचाने काय होतंय असं म्हणून लावला आणि ईएससीतून धूर आला असं याच्यामुळे होतं.

आणि ईएससी कमी अँपिअरचा आहे पण मी अर्ध्या थ्रॉटलवरच उडवतो, हा हिशोब चुकीचा आहे. अर्ध्या थ्रॉटलवर ईएससीला करंट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करावा लागतो, त्यात पण तो तापतो, करंट निम्मा झाला म्हणून उष्णता तेवढ्या प्रमाणात कमी होत नाही.

हवा लागलीच पाहिजे. थर्माकोलच्या पोटात ईएससी बंद करून वर टेप मारली तर उष्णता जाणार कुठं, थर्माकोल म्हणजे थंडी-उष्णता अडवणारीच वस्तू. पुढून हवा आत यायला एक भोक आणि मागे बाहेर जायला त्यापेक्षा मोठं भोक ठेवा. हीट सिंकची बाजू मोकळी, झिप टाय त्याच्यावरून नको. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात दुपारी उडवणार असाल तर बाहेरची हवाच ४४-४५ अंश असते हे लक्षात घ्या, सकाळी लवकर जा.

बीप काय सांगतायत

बॅटरी जोडल्यावर मोटर फिरत नसेल तर आधी कान द्या. थांबून थांबून, दोन सेकंदांनी एक बीप येतोय तर थ्रॉटलचा सिग्नल मिळत नाही, सर्वो वायर उलटी लागलीय, चुकीच्या चॅनलला आहे किंवा रिसीव्हर रिमोटशी जोडलेला (बाइंड) नाही. भराभर न थांबता बीप बीप बीप चालूय तर स्टिक पूर्ण खाली नाही, ट्रिम वर आहे किंवा कॅलिब्रेशन हललंय. सेकंदाला दोन-दोन बीप येतायत तर बॅटरीचं व्होल्टेज चुकीचं आहे. आणि काहीच आवाज नाही, सर्वो पण हलत नाहीत, तर कनेक्टरचं सोल्डर बघा. मोटर फिरण्याऐवजी थरथरत जागेवरच हलत असेल तर तीनपैकी एक वायर सुटलेली असते, लगेच बंद करा, तसंच रेटलं तर ईएससी किंवा मोटर जाते.

मैदानावर

प्रॉप काढून किंवा विमान घट्ट बांधून मोटर पाव थ्रॉटलवर चालू ठेवा आणि रिमोट बंद करा. मोटर लगेच थांबली पाहिजे. नाही थांबली तर त्या दिवशी उडवायचं नाही, घरी जाऊन फेलसेफ परत. मग रेंज चेक, मोटर चालू असताना आणि बंद असताना दोन्ही वेळा, कारण मोटर चालू असतानाच सर्वो थरथरत असतील तर ईएससी आणि रिसीव्हर फार जवळ बसवलेत किंवा अँटेना पॉवरच्या वायरीला लागून गेलीय. डिजिटल स्काय या सरकारी साइटच्या नकाशावर मैदान ग्रीन झोनमध्ये, म्हणजे उडवायला मोकळ्या भागात, आहे का ते आदल्या दिवशीच बघून ठेवा, पुण्यात लोहगावमुळे आणि मुंबईत विमानतळामुळे बराच भाग त्यात येत नाही.

टायमर असा काढा. २२०० पैकी ८० टक्केच वापरायचे, म्हणजे १७६०. वॉटमीटरवर तुम्ही ज्या थ्रॉटलला साधारण उडवाल तिथं समजा १२ अँपिअर दिसले, तर १.७६ भागिले १२ गुणिले ६०, पावणेनऊ मिनिटं. पण पहिल्या फ्लाईटला टायमर पाच मिनिटांवरच लावा. उतरल्यावर बॅटरी दहा मिनिटं तशीच ठेवून मग सेल चेकरने प्रत्येक सेल बघा, ३.७ च्या वर असेल तर पुढच्या फ्लाईटला अर्धा मिनिट वाढवा, खाली असेल तर एक मिनिट कमी करा. चार्ज करताना बॅटरीत परत किती एमएएच गेले ते चार्जर दाखवतो, तो आकडा वहीत लिहा, १७६० च्या जवळ यायला लागला की तुमचा टायमर सापडला. ईएससीला पण उतरल्या उतरल्या बोट लावून बघा, बोट धरवत असेल तर ठीक, धरवत नसेल तर पुढच्या फ्लाईटआधी हवेचं भोक मोठं करा किंवा एक इंच छोटा प्रॉप लावा.